काय, काय आणि काय

तंजावूरच्या राजवाड्यालगतच्या रस्त्यावर भाजीवाल्यापुढे जरा वेळ उभं राहिलं, की मराठी कान टवकारतात. कत्तरिक्काय, वेंडैक्काय, मुरुंगैक्काय, वाळैक्काय. वांगं, भेंडी, शेवग्याची शेंग, कच्चं केळं. जी वस्तू उचलावी तिच्या नावाच्या शेवटी ‘काय’. एखादं गिऱ्हाईक विचारतं, ‘एन्न काय?’ आपल्याला दोन्ही शब्द प्रश्नाचे वाटतात. पण प्रश्न सगळा ‘एन्न’मध्ये आहे. ‘काय’ म्हणजे भाजी. ‘कोणती भाजी?’ एवढंच त्याला विचारायचं असतं.

उच्चार मात्र हुबेहूब आपला. तमिळ लिपीत त्या शेवटच्या ‘य’वर टिंब देऊन तो अर्धा असल्याचं दाखवतात, मराठीत आपण पूर्ण लिहितो आणि अर्धा म्हणतो. कानाला काहीच फरक उरत नाही. नायक राजांनी बांधलेला हा वाडा शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांच्याकडे 1676च्या सुमारास आला, आणि 1855पर्यंत तो भोसल्यांचाच होता. म्हणजे जवळजवळ पावणेदोनशे वर्षं वाड्याच्या दफ्तरात ‘काय’ हा प्रश्न होता आणि वाड्याच्या भिंतीबाहेर ‘काय’ ही भाजी. मला या योगायोगाचं विलक्षण अप्रूप वाटतं.

आधी तमिळ ‘काय’. भाजी हा त्याचा रोजचा अर्थ, पण मूळ अर्थ अधिक नेमका आहे: धरलेलं, वाढलेलं, पण अजून न पिकलेलं फळ. आधी फूल, मग ‘पिंजु’ म्हणजे कोवळं फळ, मग ‘काय’, आणि पिकलं की ‘पळम्’ किंवा ‘कनि’. ‘तिरुक्कुरळ’ या जुन्या तमिळ नीतिग्रंथाच्या शंभराव्या कुरळमध्ये, म्हणजे द्विपदीत, ‘काय’ आणि ‘कनि’ हीच जोडी येते. गोड शब्द जवळ असताना कडू बोलणं म्हणजे पिकलेलं फळ हाताशी असताना कच्चं तोडणं, असा तिचा आशय. लोणच्याला तमिळमध्ये ‘ऊरुकाय’ म्हणतात, म्हणजे मुरलेली काय. बुद्धिबळातलं मोहरं आणि कॅरमची सोंगटी, त्याही ‘काय’च.

आणि सगळ्यात आनंद देणारी गोष्ट छंदशास्त्रात आहे. आपण शाळेत ‘यमाताराजभानसलगा’ घोकून गण पाठ केले. तमिळ छंदशास्त्रानं त्याच कामासाठी झाडाझुडपांची आणि फळांची नावं घेतली. ‘तेमांगाय’, ‘पुळिमांगाय’, ‘करुविळंगाय’, ‘कूविळंगाय’ ही तीन-तीन घटकांच्या चरणखंडांची नावं आहेत. ज्या नावाचा उच्चार कराल, तोच त्या खंडाचा नमुना. ‘तेमांगाय’ म्हणजे गोड आंब्याची कैरी, ‘पुळिमांगाय’ म्हणजे आंबट आंब्याची. या चौघांना मिळून ‘काय्च्चीर’ म्हणतात, आणि शेवटचा घटक निराळा असलेल्या दुसऱ्या चौघांना ‘कनिच्चीर’. कच्चे खंड आणि पिकलेले खंड! कवितेचा ताल मोजायला आमराईत शिरणारे हे व्याकरणकार कोण रसिक असतील.

आपल्या ‘काय’चं घराणं पार वेगळं. जुन्या मराठीत तो ‘काइ’, ‘काई’ असा दिसतो, त्याआधी अपभ्रंशात ‘काइं’, आणि मागे गेलं की संस्कृतच्या ‘कः, का, किम्’ या प्रश्नार्थक सर्वनामांशी आपण पोचतो. तिथेही वाट संपत नाही. लॅटिनमधला ‘क्विद’, हिंदीतला ‘क्या’, इंग्रजीतला ‘व्हॉट’, हे सगळे त्याचे रक्ताचे नातेवाईक. जर्मानिक भाषांमध्ये मूळचा ‘क’ ठरावीक ठिकाणी ‘ह’ झाला. जुन्या इंग्रजीत हा शब्द ‘ह्वॅट’ असा उच्चारला जाई. आजच्या इंग्रजी स्पेलिंगमधला तो न उच्चारला जाणारा ‘एच’ त्याचीच खूण आहे. म्हणजे ‘व्हॉट’ आणि ‘काय’ यांच्यात एकही आवाज सारखा नाही, तरी ते सख्खे. आणि राजवाड्याबाहेरचा ‘काय’ कानाला जुळा भाऊ, पण नात्याचा अजिबात नाही.

शब्दांचं नातं आवाजाच्या सारखेपणावर ठरत नाही, हे इथे जेवढं स्वच्छ दिसतं तेवढं क्वचित दिसतं. नातं ठरतं ते नियमित बदलांवर. एका भाषेत जिथे ‘क’ तिथे दुसरीत दर वेळी ‘ह’, अशी रांगच्या रांग सापडली तर ते नातं. एकच शब्द जुळला तर तो योगायोग असू शकतो, आणि शब्द जितका आखूड तितका योगायोग सोपा. माणसाचं तोंड मोजकेच आवाज काढतं, एका व्यंजनाला एक-दोन स्वर जोडून होणाऱ्या जोड्या थोड्या, आणि जगात भाषा हजारोंनी. न्यूझीलंडच्या माओरी भाषेत ‘काइ’ म्हणजे अन्न. हवाईच्या भाषेत ‘काइ’ म्हणजे समुद्र. प्राचीन ग्रीकमध्ये ‘काइ’ म्हणजे ‘आणि’. जपानीत वाक्याच्या शेवटी ‘काइ’ लावलं की साध्या विधानाचा प्रश्न होतो, थेट आपल्या ‘येतोस काय?’सारखा. इतकं जुळूनही जपानी आणि मराठी यांचं या शब्दापुरतं काही नातं नाही.

राजवाड्याच्या आवारात तिसरा ‘काय’ही आहे. तो सरस्वती महाल ग्रंथालयातल्या संस्कृत पोथ्यांमध्ये राहतो: काय म्हणजे देह. आपल्याकडे तो ‘काया’ होऊन ‘काया-वाचा-मने’मध्ये आला. संस्कृत वैयाकरण त्याची व्युत्पत्ती ‘चि’ या धातूपासून देतात. ‘चि’ म्हणजे रचणं, गोळा करणं. ‘संचय’ त्याचाच. पाणिनीचं एक खास सूत्र आहे, ज्यानं निवास, रास, शरीर अशा अर्थांत या धातूच्या ‘च’चा ‘क’ होतो आणि ‘काय’ तयार होतो. बौद्धांचे ग्रंथसमूह ज्या नावानं ओळखले जातात तो ‘निकाय’ही तिथलाच. याच ‘चि’पासून ‘चिता’ झाली, रचलेली लाकडं. देह म्हणजे रचलेला ढीग आणि ज्यावर तो ठेवायचा तोही रचलेला ढीग. दोन्ही नावं एकाच धातूतून यावीत, यावर मी पुन्हा पुन्हा थबकतो.

हा संस्कृत ‘काय’ तमिळमध्ये ‘कायम्’ होऊन गेला. तिथेही अर्थ देह. आता मराठीतला ‘कायम’ घ्या. तो अरबी ‘काइम’, म्हणजे उभा असलेला, टिकून राहिलेला. फारसीच्या वाटेनं मराठीत आला. मराठी कारभाराबरोबर तंजावुरात पोचलेला ‘कायम’ म्हणजे न बदलणारं, आणि तिथल्या तमिळ बोलणाऱ्याचा ‘कायम्’ म्हणजे एक दिवस जाणारच असं शरीर. शिवाय हिंगेला तमिळमध्ये ‘पेरुंगायम्’ म्हणतात, त्यातला ‘कायम्’ आणखी निराळा, उग्र वासाचा. आणि जखमेलाही ‘कायम्’च.

या गर्दीत माणसं गोंधळत का नाहीत? कारण शब्द एकटा कधी येत नाही. शेजारचा शब्द, वाक्यातली जागा, बोलणाऱ्याचा स्वर, यांनी अर्थ आधीच निम्मा ठरलेला असतो. बहुभाषक माणसाला तर हे श्वासाइतकं सहज जमतं. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे (कारकीर्द 1684 ते 1712) यांनी ‘पंचभाषाविलास’ नावाचं नाटकच रचलं. त्यात वेगवेगळ्या देशींच्या राजकन्या आपापल्या भाषेत बोलतात, आणि दरबाराला ते समजेल हे राजाला ठाऊक असतं. थोड्याच अंतरावर बृहदीश्वराचं मंदिर आहे. तिथे राजराज चोळाच्या काळाचे तमिळ लेख आहेत, आणि त्याच देवळात सरफोजीराजांनी 1803 साली कोरवलेला भोसले घराण्याचा लांबलचक मराठी इतिहासही आहे. दोन भाषांनी एकमेकींना पुसून टाकलं नाही, शेजारी जागा करून घेतली.

तमिळ ‘काय’नं मात्र तंजावुराबाहेर फार लांबचा पल्ला गाठला. ‘मा’ म्हणजे आंब्याचं झाड, ‘मा’ची काय ती ‘मांगाय’. अनुनासिकानंतर ‘क’चा ‘ग’ होतो. मलयाळममध्ये तीच ‘मांङ्ङा’. 1498मध्ये कोझिकोडजवळ उतरलेल्या पोर्तुगीजांनी केरळच्या किनाऱ्यावर हा शब्द उचलला आणि ‘मांगा’ केला, त्यातून इंग्रजी ‘मँगो’ आला. आपण आंब्याला संस्कृत ‘आम्र’वरून नाव दिलं आणि जगानं कैरीवरून. इंग्लंडला सुरुवातीला हे फळ ताजं पोचतच नसे, पोचे ते लोणचं होऊन. त्यामुळे इंग्रजीत ‘मँगो’ हा शब्द लोणच्यालाच चिकटला, आणि काकडी किंवा खरबूज मसाला भरून मुरवण्याला ‘मँगो करणं’ असं क्रियापद झालं. अटलांटिक ओलांडून ही रीत अमेरिकेत गेली. तिथे ढब्बू मिरच्या कोबीनं भरून व्हिनेगरमध्ये मुरवत, आणि त्यांनाही ‘मँगो’च म्हणत. पुढे लोणचं मागे पडलं तरी नाव राहिलं, आणि ओहायो, इंडियाना भागांतल्या जुन्या माणसांच्या तोंडी साधी हिरवी ढब्बू मिरचीसुद्धा ‘मँगो’ झाली.