हेडगार्ड काढल्यावर खरी लढत
ऑलिम्पिकचं गोल्ड गळ्यात होतं, तरी तिने वयाच्या तिशीत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आयर्लंडच्या केटी टेलरची गोष्ट

शिरूर-दौंडच्या पट्ट्यात जत्रेचा आखाडा कुणी पाहिला नाही असं होत नाही. आधी बारक्या पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग हळूहळू रक्कम चढत जाते आणि अंधार पडायच्या बेताला शेवटची इनामाची कुस्ती. तोच पैलवान पुढच्या आठवड्यात मॅटवर जिल्हा निवड चाचणी खेळतो. मातीत पैसे घेतले म्हणून त्याला मॅटवर कुणी अडवत नाही.

बॉक्सिंगमध्ये मात्र हे दोन वेगळे गाव आहेत. एक हौशी, म्हणजे अमॅच्युअर. तिथं मेडल, देशाचा बनियन, सर्टिफिकेट. दुसरं प्रोफेशनल. तिथं प्रमोटर, करार, तिकीटविक्री आणि पट्टे. कित्येक वर्षं नियमच असा होता, की एकदा प्रो झालात की ऑलिम्पिकचं दार बंद. 2016 च्या रिओ ऑलिम्पिकपासून तो सैल झाला.

आयर्लंडमध्ये या दोन गावांमधला रस्ता जुना आहे. 1952 च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये आपल्या खाशाबा जाधवांनी बँटमवेट कुस्तीत ब्राँझ मिळवलं, हे शाळेत पाठ केलेलं असतं. त्याच हेलसिंकीत, बॉक्सिंगच्या बँटमवेट गटात, बेलफास्टच्या जॉन मॅकनॅलीने सिल्व्हर जिंकलं. बॉक्सिंगमधलं आयर्लंडचं ते पहिलं ऑलिम्पिक मेडल. मॅकनॅली पुढे प्रो झाला. खाशाबा पोलिसात गेले. छोट्या देशातल्या गुणी खेळाडूपुढे दोनच वाटा असतात, पैशाची किंवा नोकरीची, हे तेव्हाही तसंच होतं.

केटी टेलरपुढे मात्र सुरुवातीला दोन्ही नव्हत्या, कारण ती मुलगी होती.

डब्लिनजवळच्या ब्रे या समुद्रकाठच्या गावात 2 जुलै 1986 ला तिचा जन्म झाला. वडील पीट टेलर स्वतः बॉक्सर, तेच तिचे कोच. आयर्लंडमध्ये मुलींच्या अधिकृत लढती होतच नव्हत्या. मग ही केस हेडगार्डमध्ये कोंबायची, नाव नुसतं ‘के. टेलर’ लावायची आणि पोरांशी खेळायची. जिंकून हेडगार्ड काढलं की हॉलमध्ये कुजबुज! 31 ऑक्टोबर 2001 ला डब्लिनच्या नॅशनल स्टेडियममध्ये आयर्लंडमधली मुलींची पहिली अधिकृत लढत झाली. केटी तेव्हा पंधरा वर्षांची होती. ती जिंकली.

आणि तिचं पहिलं वर्ल्ड चॅम्पियनशिप गोल्ड कुठलं असेल? नवी दिल्ली, 2006. त्याच स्पर्धेत मेरी कोमनेही गोल्ड जिंकलं होतं. आपल्याकडे तेव्हा या दोघींची नावं किती जणांना ठाऊक होती, हा प्रश्न न विचारलेलाच बरा. केटीने त्यानंतर 2008, 2010, 2012 आणि 2014 असं ओळीने वर्ल्ड टायटल राखलं. बॉक्सिंगच्या जोडीला ती आयर्लंडच्या महिला फुटबॉल संघातूनही खेळली, हे वेगळंच.

महिला बॉक्सिंगला ऑलिम्पिकमध्ये घ्यायचं, हा निर्णय 2009 मध्ये झाला. 2012 ला लंडनमध्ये वजनगट मिळाले फक्त तीन : 51, 60 आणि 75 किलो. मेरी कोमला तिचं नेहमीचं वजन सोडून 51 मध्ये चढावं लागलं, तिथं तिने ब्राँझ काढलं. केटीचं वजन 60 मध्ये बसत होतं. फायनलला रशियाच्या सोफिया ओचिगावाला तिने 10-8 असं हरवलं. दोन गुणांचा फरक!

इथं गोष्ट संपली असती तर ती नेहमीसारखी सत्कार-मिरवणुकीची गोष्ट झाली असती. पण रिओच्या आधी बापलेकीची कोच-शिष्याची जोडी तुटली. 2016 ला रिओत क्वार्टरफायनललाच फिनलंडच्या मीरा पोत्कोनेनने तिला हरवलं. वय तीस. अमॅच्युअरमध्ये जिंकायचं काही उरलं नव्हतं आणि नुकतीच हार पदरी होती. तिने स्वतःहून इंग्लंडचा प्रमोटर एडी हर्न याच्याशी संपर्क साधला. महिला बॉक्सिंगची तिकिटं तेव्हा कोण घेणार होतं? हर्नने तरीही करार केला. केटी अमेरिकेत कनेक्टिकटला राहायला गेली, नवा कोच रॉस एनामेट. 26 नोव्हेंबर 2016 ला लंडनच्या वेम्बली अरेनात पहिली प्रो लढत, तिसऱ्याच राउंडला समोरची बाद.

आता खेळ तोच असून बदलतं काय, ते बघा. लंडन ऑलिम्पिकला महिलांचे दोन मिनिटांचे चार राउंड होते, डोक्याला हेडगार्ड होतं. प्रो टायटलच्या लढतीत दहा राउंड, हेडगार्ड नाही, अंगावर बनियन नाही, ग्लोव्हज हलके. अमॅच्युअरवाला भराभर ठोसे टाकून गुण गोळा करतो आणि सटकतो. प्रोमध्ये सातव्या-आठव्या राउंडला पाय जड झाले की सटकायला जागा राहत नाही. उभं राहून मार खावा लागतो आणि द्यावाही लागतो. शंभर मीटरवाल्याला अचानक पाच हजार मीटरला उभं करावं, तसं काहीसं.

शिवाय मेडल एक असतं, पट्टे चार. डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ, डब्ल्यूबीओ अशा चार संस्था, प्रत्येकीचा आपापला चॅम्पियन. चारही जमवले तरच ‘अनडिस्प्युटेड’. केटीने पहिला पट्टा ऑक्टोबर 2017 मध्ये सातव्याच लढतीत घेतला. 1 जून 2019 ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बेल्जियमच्या डेल्फिन पर्सूनला हरवून चारही गोळा केले. त्या निकालावर बरीच ओरड झाली. पर्सूनच जिंकली, असं म्हणणारे आजही भेटतात. वर्षभराने पुन्हा लढत लावली, तीही केटीने जिंकली.

30 एप्रिल 2022 ची रात्र मात्र वेगळीच. त्याच गार्डनमध्ये पहिल्यांदाच महिलांची लढत मुख्य लढत होती. समोर प्युर्टो रिकोची अमांडा सेरानो, 19,187 प्रेक्षक, हाऊसफुल्ल. पाचव्या राउंडला केटीचे पाय अक्षरशः लटपटले. आता पडते की मग, अशी अवस्था. ती पडली नाही. पुढचे राउंड तिने एकेक करून परत ओढून आणले आणि तीनपैकी दोन पंचांनी तिला कौल दिला. बॉक्सिंग आवडत नसेल तरी तो पाचवा राउंड बघाच.

मे 2023 मध्ये ती डब्लिनला घरच्या लोकांसमोर पहिली प्रो लढत खेळली आणि शँटेल कॅमरूनकडून हरली. कारकिर्दीतली ही पहिली प्रो हार. नोव्हेंबरमध्ये त्याच हॉलमध्ये तिने कॅमरूनला हरवलं आणि दुसऱ्या वजनगटातही अनडिस्प्युटेड झाली.

आपल्याकडे हा रस्ता ठळकपणे चालला तो विजेंदर सिंग. 2008 ला बीजिंगमध्ये ब्राँझ, मग हरियाणा पोलिसात डीएसपी, 2015 मध्ये प्रो. ऑगस्ट 2017 ला मुंबईत वरळीला त्याने चीनच्या झुल्पिकारला हरवलं. ओळीने बारा लढती जिंकल्यावर 2021 मध्ये गोव्यात, पणजीला जहाजावर लावलेल्या रिंगमध्ये तो पहिल्यांदा हरला. पण त्याच्यामागून धडाधड पोरं प्रो झाली, असं काही घडलं नाही. कारण साधं आहे. दौंडला एसआरपीएफचे दोन गट आहेत, पहाटे रस्त्यावर धावणारी पोरं-पोरी कशासाठी धावतात ते सगळ्यांना माहीत आहे. पाच टक्के क्रीडा आरक्षणाला संघटनेच्या मान्य स्पर्धेचं प्रमाणपत्र लागतं. तिथं प्रमोटरचा करार दाखवून काय होणार? आणि करारातली रक्कम पुढची लढत ठरेपर्यंत पुरेल, याची हमी कुणीच देत नाही.

मुलींचं तर अजून अवघड. महिला महाराष्ट्र केसरी पहिल्यांदा झाली ती 2023 मध्ये, सांगलीत. कुस्तीसारख्या घरच्या खेळाला एवढा वेळ लागला, तर बॉक्सिंगचं काय सांगावं!

केटी आणि सेरानो मात्र थांबल्या नाहीत. नोव्हेंबर 2024 मध्ये टेक्सासला दुसरी लढत झाली, पुन्हा केटी, तिन्ही पंचांकडे अवघ्या एका गुणाने. 11 जुलै 2025 ला गार्डनमध्ये तिसरी, तीही तिचीच. त्या रात्रीच्या कार्यक्रमात झाडून सगळ्या लढती महिलांच्या होत्या. केटीला एकोणचाळिसावं पूर्ण होऊन नऊ दिवस झाले होते.