संगणकाचे घड्याळ मागे का जाई?

मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत प्रतिक्रियाकाल मोजतात, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. दिवा लागताच बटण दाबायचे; माणसाला साधारण २०० मिलिसेकंद लागतात. हे मोजमाप संगणकावर सोपवले आणि त्यानेच ५५ मिलिसेकंदांची चूक केली, तर निष्कर्षांची किंमत काय? १९८१ साली आलेल्या आय.बी.एम. पीसीवर असे होऊ शके. आणि गंमत अशी की, घड्याळ बरोबर चालत असे. चुके ते वाचन.

त्या यंत्रातील इंटेलची ८२५३ ही चिप सेकंदाला ११,९३,१८२ ठोके घेत उलटी मोजणी करी. दर ६५,५३६ ठोक्यांनी ती प्रोसेसरला हाक देई. मग तो स्मृतीतील एका नोंदीत एक मिळवी. दोन हाकांमध्ये सुमारे ५५ मिलिसेकंद जात. नुसत्या हाका मोजून प्रयोग करणे म्हणजे लाकडाच्या वखारीतल्या काट्यावर सोने तोलणे! म्हणून जाणकार चिपमधला आकडाही वाचत.

गोम इथेच होती. आकडा सोळा बिटांचा, पण वाचायची वाट आठ बिटांची; तेव्हा तो दोन तुकड्यांत वाचावा लागे. सोयीसाठी आपल्या दशमान आकड्यांत पाहू. आकडा ५०० आहे. शेवटचे दोन अंक '००' वाचले, तेवढ्यात घड्याळ ४९९ वर आले, मग पहिला अंक '४' वाचला. हाती आले ४००! उपाय चिपमध्येच होता. 'लॅच'ची आज्ञा दिली की त्या क्षणाचा आकडा बाजूला धरला जाई, मोजणी मात्र चालूच राही.

दुसरी चूक अधिक लबाड. स्मृतीतील नोंद वाचली आणि चिप वाचण्याआधीच नवी मोजणी सुरू झाली. जुनी नोंद, नवा आकडा. बेरीज ५५ मिलिसेकंदांनी मागे! हजारात एखादे वाचन असे बिघडे, म्हणून ते सहसा सापडत नसे. यावर नोंद, चिप आणि पुन्हा नोंद अशा क्रमाने वाचावे. दोन नोंदी जुळल्या नाहीत तर सगळे पुन्हा. प्रोसेसरने हाका ऐकणेच बंद ठेवले असेल, तर एवढेही पुरत नसे. हाक खोळंबली आहे काय, हे ८२५९ या दुसऱ्या चिपला विचारावे लागे.

१९९३ च्या पेंटियमपासून प्रोसेसर स्वतःचेच ठोके मोजू लागला, तरी पीडा टळली नाही. २००५ च्या सुमारास आलेल्या काही दुहेरी गाभ्यांच्या प्रोसेसरांत प्रत्येक गाभ्याची मोजणी निराळी होती. काम एका गाभ्यावरून दुसऱ्यावर गेले की वेळ पुन्हा मागे! म्हणून प्रयोगाला माणूस बसवण्यापूर्वी घड्याळ लागोपाठ लाखभर वेळा वाचावे आणि एखादा आकडा आधीच्याहून लहान निघतो का, ते पाहावे.