आश्विनातलं माळरान

डाळजच्या आसपासचा इंदापूर-बारामतीचा माळ पाहावा तो पाऊस सरल्यावर, आश्विनात. ऊन लख्ख असतं, पवन्या आणि मारवेल ही गवतं पिवळी पडू लागतात. कुसळी मात्र करामती! तिच्या बियांचं पिळदार कुसळ दवाने ओलावलं की उलगडतं, सुकलं की पुन्हा वळतं. या फिरकीने टोकदार बी मातीत शिरतं, चालणाऱ्याच्या मोज्यांतही. याच सुमारास मध्य आशियातून आलेले भोवते हे शिकारी पक्षी गवतालगत घिरट्या घालू लागतात. कडबनवाडीच्या माळावर चिंकारा, खोकड, लांडगे आहेत. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य (१९९७) जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटरचं, पण चिंकाऱ्यांसाठी प्रसिद्ध. अशा माळाला ‘पडीक’ समजून तिथे सरसकट झाडं लावणं म्हणजे या प्राण्यांचं घर मोडणं. ते कृपया टाळावं.