पाणबुड्यांचे हस्तसंकेत : तांबड्या समुद्रावरील एका छावणीच्या अनुषंगाने

ईजिप्तच्या पूर्व किनाऱ्यावर, मार्सा आलम या गावाच्या उत्तरेस सुमारे वीस किलोमीटर अंतरावर, मार्सा शग्रा नावाचे एक लहानसे स्थळ आहे. मागे उघडेबोडके वाळवंट, पुढे तांबडा समुद्र आणि या दोहोंच्या सीमेवर तंबूंची व काही पक्क्या खोल्यांची एक छावणी, एवढाच या स्थळाचा पसारा. येथे येऊन आठ-दहा दिवस राहणारी माणसे नाना देशांची व नाना भाषांची असतात. परंतु त्यांच्या येण्याचे कारण एकच असते. तंबूतून निघून थोडीशी पावले चालली की पाणी लागते आणि पाण्यात शिरताच प्रवाळभित्ती सुरू होते. नौकेची वाट पाहावी लागत नाही. निवासस्थानाला लागूनच असलेल्या अशा भित्तीस इंग्रजीत 'हाउस रीफ' आणि जर्मनमध्ये 'हाउसरिफ' म्हणतात. मराठीत 'घरची भित्ती' असे शब्दशः म्हटल्यास माजघराची भिंत डोळ्यांपुढे येते. 'परसातली विहीर' या प्रयोगात जो जवळिकीचा आणि हक्काचा भाव आहे, तोच येथे अभिप्रेत असल्यामुळे 'परसातील प्रवाळ' हा पर्याय अधिक सुसह्य वाटतो.

स्थलनामाचा विचार प्रथम करणे सोयीचे आहे, कारण भूगोलाचे बरेचसे स्पष्टीकरण त्या नावातच साठवलेले आहे. 'मार्सा' हा अरबी शब्द नांगर टाकणे या अर्थाच्या 'र-स-व' या त्रिवर्णी धातूपासून सिद्ध झालेला असून त्याचा अर्थ 'नांगरवाडा, जहाज उभे करण्याची जागा' असा आहे. हा किनारा जवळजवळ सलग प्रवाळभित्तीने वेढलेला असताना नांगर टाकण्यास जागा कोठून मिळते? उत्तर वाळवंटात आहे. डोंगरांतून समुद्राकडे येणारे कोरडे प्रवाहमार्ग, ज्यांना अरबीत 'वादी' म्हणतात, क्वचित पडणाऱ्या पावसात एकाएकी वाहू लागतात आणि गोडे पाणी व गाळ समुद्रात लोटतात. प्रवाळजीवांना या दोन्ही गोष्टी मानवत नाहीत. म्हणून वादीच्या मुखाशी भित्तीत खिंड पडलेली राहते. त्या खिंडीत होड्यांना आश्रय मिळाला, आणि आज त्याच खिंडीतील वाळूवरून पाणबुड्या चालत पाण्यात उतरतो. उत्तरेस वळले तर उत्तरभित्ती, दक्षिणेस वळले तर दक्षिणभित्ती. (या 'वादी'चा मराठी 'वाडी'शी काही संबंध नाही. आपली वाडी संस्कृत 'वाटिके'ची वंशज आहे. उच्चारसाम्यावरून व्युत्पत्ती लावण्याचा मोह विद्यार्थ्यांनी आवरावा.)

'रास' म्हणजे मस्तक व म्हणून भूशिर, 'शर्म' म्हणजे किनाऱ्यात शिरलेला समुद्राचा भाग, 'शआब' म्हणजे प्रवाळखडक, आणि 'अबू' म्हणजे बाप. परंतु सामासिक नावांत हा बाप केवळ '-वाला' एवढेच काम करतो. उत्तरेकडील 'अबू नुहास' हा खडक म्हणजे 'तांब्यावाला'. सुएझहून मुंबईकडे निघालेली 'कर्नाटिक' ही आगबोट सप्टेंबर १८६९ मध्ये याच खडकावर फुटली आणि तीत ३१ जण बुडाले. तिच्यावरील मालात तांबेही होते. त्यापूर्वी १८२९ ते १८३४ या काळात या समुद्राची मोजणी झाली ती मुंबईच्या आरमाराच्या 'पॅलिन्युरस' आदी जहाजांकडून, आणि तीही मुंबई-सुएझ मार्गावर वाफेची जहाजे चालविता यावीत म्हणून. या खडकांशी मुंबईचा संबंध आहे तो असा.

आता मुख्य विषयाकडे वळता येईल. छावणीतील माणूस जेवताना इटालियन, जर्मन, अरबी, इंग्रजी बोलत असतो. पाण्यात शिरताच त्याची वाचा बंद होते. तोंडात हवेची नळी असते हे एक कारण. पण ते दुय्यम आहे. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदास सुमारे १५०० मीटर, म्हणजे हवेतल्या वेगाच्या चौपटीहून अधिक असतो. दोन्ही कानांवर आवाज पोचण्यातील जे सूक्ष्म कालांतर मनुष्याला दिशा सांगते, ते इतके घटते की आवाज ऐकू येतो पण कोठून आला हे कळत नाही. टाकीवर धातूची कांडी आपटून 'इकडे पाहा' एवढेच सांगता येते, आणि तेही कोणत्या दिशेला पाहायचे हे न सांगता. उरतो तो हात.

चार्ल्स हॉकेट यांनी मानवी भाषेची लक्षणे मांडणारा आपला प्रसिद्ध लेख १९६० मध्ये लिहिला. त्याच वर्षी विल्यम स्टोको यांनी अमेरिकन मूकबधिरांच्या खुणांचे विश्लेषण करून, प्रत्येक खूण हाताचा आकार, स्थान आणि गती या घटकांत विभागता येते व म्हणून ती खरी भाषा आहे, हे दाखविले. पाणबुड्यांचे संकेत या दोन कसोट्यांना लावून पाहिले की चित्र संमिश्र दिसते. तो केवळ शब्दसंग्रह आहे. त्याला व्याकरण जवळजवळ नाही. तथापि त्यातही व्यवच्छेद आहे. मूठ तीच, वर काढलेला अंगठाही तोच. अंगठा ऊर्ध्वमुख असेल तर 'वर चला', अधोमुख असेल तर 'खाली चला'. हे ध्वनिविचारातील लघुतम युग्मासारखेच युग्म झाले. काही खुणा सादृश्यमूलक आहेत : कपाळावर उभा धरलेला तळहात म्हणजे शार्क, एकावर एक ठेवलेल्या हातांचे फिरणारे अंगठे म्हणजे कासव. गळ्यावरून आडवा फिरविलेला हात म्हणजे 'माझी हवा संपली'. ही खूण शिकविली नाही तरी कळावी अशी आहे, आणि ते योग्यच आहे.

याउलट सर्वांत अधिक वापरली जाणारी खूण पूर्णपणे यादृच्छिक आहे. अंगठा व तर्जनी यांचे वर्तुळ करून उरलेली तीन बोटे ताठ ठेवली की 'सर्व ठीक'. डेस्मंड मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात याच वर्तुळाचे अर्थ युरोपात कोठे 'उत्तम', कोठे 'शून्य, कवडीमोल', तर कोठे शिवी असे बदलतात हे दाखविले आहे. मराठी डोळ्यांना ती ज्ञानमुद्रा वाटेल. आपल्या नाट्यपरंपरेत एकाच हस्ताचे अनेक विनियोग असतात आणि प्रेक्षक प्रसंगावरून अर्थ निवडतो. तेथे अनेकार्थता हे ऐश्वर्य आहे. वीस मीटर खोलीवर ते परवडत नाही.

हा मुद्दा अंगठ्याच्या खुणेत सर्वांत तीव्रपणे प्रत्ययास येतो. मराठीत अंगठा दाखविणे म्हणजे ठेंगा दाखविणे, फसविणे; निरक्षराचा अंगठा वेगळाच. त्यावर अलीकडच्या काळात 'छान, मान्य' हा आणखी एक अर्थ जगभर चढला आहे आणि नव्या पिढीचा हात तो विचार न करता करतो. असा नवशिक्या पाण्यात उतरला, सोबत्याने वर्तुळ करून 'ठीक आहे ना?' असे विचारले, आणि याने उत्साहाने अंगठा वर केला, तर त्याने 'उत्तम' म्हटलेले नसते; त्याने बुडी समाप्त केलेली असते. शिस्तीचा सोबती तीच खूण परत करून वर निघू लागतो. येथवर हानी एका बुडीची. पण उलट बाजू विचारात घ्यावी. नवशिक्यांच्या सहवासात राहून अंगठ्याला 'छान' समजण्याची सवय लागलेला माणूस, ज्याला खरोखरच श्वास लागला आहे अशा सोबत्याचा अंगठा पाहून मान डोलावतो आणि पुढे जातो. भाषाशिक्षणात ज्याला मातृभाषेचा व्यत्यय म्हणतात तोच हा प्रकार; फरक एवढाच की वर्गात त्याची किंमत एक गुण असते.

किंमत नेमकी कशी चुकवावी लागते, हेही समजून घेतले पाहिजे. दर दहा मीटर खोलीस सुमारे एक वातावरण एवढा दाब वाढतो. वीस मीटरवर तो तिप्पट असतो; तेथे छातीत भरून घेतलेली हवा पृष्ठभागावर येताना तिप्पट जागा मागते. श्वास रोखून घाईने वर आलेल्या माणसाचे फुप्फुस फाटू शकते. शिवाय दाबाखाली रक्तात व ऊतींत विरघळलेला नायट्रोजन एकदम मोकळा झाला तर त्याचे बुडबुडे होतात. म्हणूनच मिनिटास सुमारे नऊ मीटरहून अधिक वेगाने वर येऊ नये आणि पाच मीटरवर तीन मिनिटे थांबावे असे शिकविले जाते. मराठीत 'वर' आणि 'खाली' हे शब्द पुष्कळ सैल आहेत. घाटावरचा माणूस 'खाली कोकणात' जातो आणि कोकणातला 'वर घाटावर' येतो. पाण्याखाली 'वर' या शब्दाला एवढी सैलता उरत नाही.

आणखी एक उणीव सहसा लक्षात येत नाही. मूकबधिरांच्या अनेक भाषांत होय-नाही प्रकारचा प्रश्न भुवया उंचावून दर्शविला जातो. चेहरा हा तेथे व्याकरणाचा भाग असतो. पाणबुड्याच्या भुवया काचेच्या चष्म्याआड आणि ओठ नळीभोवती असतात. परिणामी विधान आणि प्रश्न यांतील रूपभेद नाहीसा होतो. 'ठीक आहे?' आणि 'ठीक आहे' यांची खूण एकच. अर्थ ठरतो तो क्रमावरून : प्रथम केलेली खूण प्रश्न, नंतरची उत्तर. म्हणून उत्तर न देणे हे येथे मौन ठरत नाही. अनुत्तरित प्रश्न म्हणजे संकट, असे गृहीत धरून सोबत्याने जवळ यावे, असा नियम आहे. एका निःशब्द समाजाने मौनाला इतका निश्चित अर्थ द्यावा, ही गोष्ट अभ्यासण्याजोगी आहे.

बोलीभेदही आहेतच. टाकी सामान्यतः २०० बारने भरलेली असते आणि ५० बार शिल्लक असताना बुडी संपवावी असा प्रघात आहे. १०० बार उरले हे सांगण्यासाठी पुष्कळ ठिकाणी एका हाताच्या उभ्या बोटांवर दुसऱ्या हाताचा तळवा आडवा ठेवतात. आता, पाच मीटरवरील तीन मिनिटांचा थांबा दाखविण्यासाठीही तीन उभ्या बोटांवर आडवा तळवाच धरतात. अंधुक पाण्यात या दोहोंतील फरक किती उरेल? बंद मूठ काही संप्रदायांत 'पन्नास बार' दर्शविते, तर काहींत केवळ 'हवा कमी आहे' एवढेच. प्रशिक्षणसंस्थांनी समान संकेतांच्या याद्या प्रसिद्ध केल्या आहेत. तरीही छावणीत पहिल्या बुडीपूर्वी दोन अनोळखी सोबती वाळूवर उभे राहून एकमेकांस 'तुमच्याकडे शंभर कसे दाखवितात?' असे विचारतात, ते याचसाठी. प्रमाणभाषेचा निर्णय तेथे दर सकाळी नव्याने होतो.

दिशांची गोष्ट निराळी. किनाऱ्यावर सर्व जण 'उत्तरभित्ती' व 'दक्षिणभित्ती' म्हणतात. ही नावे पृथ्वीशी बांधलेली आहेत. पाण्यात गेल्यावर मात्र मार्ग शरीराशी बांधला जातो : दक्षिणेस जाताना भित्ती उजव्या खांद्याला, परतताना डाव्या. ऑस्ट्रेलियातील गूगू यिमिथिर भाषक मेजावरील वस्तूसाठीही उत्तर-दक्षिण वापरतात, यावर स्टीफन लेव्हिन्सन प्रभृतींनी विपुल लिहिले आहे. छावणीतला माणूस या दोन पद्धती अर्ध्या तासात आलटून पालटून वापरतो, आणि त्याला त्याची जाणीवही नसते.

मराठी वाचकाला हा प्रश्न दूरचा वाटू नये. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले. सिंधुदुर्गाभोवतीच्या पाण्यात आज हौशी पर्यटक मोठ्या संख्येने उतरतात आणि तारकर्लीस शासकीय महामंडळाची प्रशिक्षणसंस्थाही आहे. पहिल्यांदाच बुडी मारणाऱ्या पर्यटकास किनाऱ्यावर मिळतात ती थोडी मिनिटे. त्या मिनिटांत दहा खुणा पाठ करवून घेण्यापेक्षा एका अंगठ्याचा जुना अर्थ विसरावयास लावणे अधिक निकडीचे आहे, आणि ते मराठीतून सांगितल्यास अधिक चांगले साधेल. 'येथे अंगठा म्हणजे छान नव्हे, ठेंगाही नव्हे' हे वाक्य मालवणात कोणीही विसरणार नाही.

हॉकेट यांच्या यादीतील एक लक्षण या संकेतांत पाण्याखाली मुळीच आढळत नाही : समोर नसलेल्या गोष्टीविषयी बोलणे. कासवाची खूण केली जाते ती कासव दिसत असताना, आणि सोबत बोट दाखवून. रात्री छावणीत जेवणाच्या मेजावर मात्र तेच हात पुन्हा हलू लागतात. ज्याला समोरच्याची भाषा धड येत नाही असा माणूस अंगठे फिरवून कासव करतो, हात दक्षिणेकडे करतो, बोटांनी खोली सांगतो आणि तळहात लांब लांब नेऊन त्याचा आकार दाखवितो. सकाळी पाहिलेले कासव अशा रीतीने रात्री सांगितले जाते, आणि ऐकणारा मान हलवून विचारतो, किती मोठे?