नाव फॅशनचं, मशीन दुसऱ्याचं

लग्नसराईच्या तोंडावर कुपवाडचा नवरदेव दोन मित्रांना घेऊन सांगलीच्या विश्रामबागेतल्या एखाद्या शोरूममध्ये शिरतो. समोरच्या तबकड्यांवर नावं असतात ती कपडेवाल्यांची: एम्पोरिओ अरमानी, ह्यूगो बॉस, लाकोस्त. सुटाच्या बाहीखाली सहज सरकेल असं पातळ, दोन-तीन काट्यांचं घड्याळ त्याला हवं असतं. चर्चा होते ती सोनेरी घ्यावं की रुपेरी, यावर. आतल्या मशीनबद्दल सहसा कुणी विचारत नाही.

विचारलं, तर गंमत कळते. अरमानीच्या नावाची घड्याळं अमेरिकेतली फॉसिल कंपनी परवान्यावर बनवते, ह्यूगो बॉस आणि लाकोस्तची मोवाडो. आणि अशा फॅशनच्या घड्याळांच्या पोटात बऱ्याचदा जपानी क्वार्ट्झ मशीन निघतं. सिटिझन समूहाच्या मियोटाचं तर फारच ठिकाणी. हीच जातकुळी याहून कितीतरी स्वस्त घड्याळांतही असते. याला मी फसवणूक म्हणणार नाही, पण जास्तीचे पैसे अचूक वेळेसाठी जात नाहीत, हे ठाऊक असलेलं बरं. मोजकी घराणी वेगळी आहेत. एर्मेसने २००६ साली वोशे या स्विस मशीन-कारखान्यात २५ टक्के वाटा घेतला. पण तो मामला नवरदेवाच्या नव्हे, त्याच्या कारखानदार सासऱ्याच्या खिशाचा!

मशीन स्वस्त असलं तरी त्यातली करामत साधी नाही. क्वार्ट्झच्या स्फटिकाला वीज दिली की तो कंप पावतो. यामागचा गुण पिएर आणि जॅक क्युरी या भावांनी १८८० मध्ये शोधला. घड्याळातला स्फटिक दोन पायांच्या चिमट्यासारखा कापलेला असतो आणि सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. शेजारच्या मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावणाऱ्या तयार कानालाही हा सूर ऐकू येणार नाही. माणसाचा कान वीस हजारांच्या आसपास थांबतो. ३२,७६८ ही संख्या म्हणजे दोनाचा पंधरावा घात. पंधरा वेळा निम्मं केलं की उरतो सेकंदाला एक ठोका, आणि त्यावर काटा पुढे सरकतो. सायकोने २५ डिसेंबर १९६९ रोजी क्वार्ट्झचं पहिलं मनगटी घड्याळ विकायला काढलं, तेव्हा त्याची किंमत साडेचार लाख येन होती.

हा स्फटिक सुमारे २५ अंश तापमानाला सर्वांत नेमका चालतो. त्याहून गरम झालं किंवा गार, दोन्हीकडे तो मंदावतो, आणि फरक दुप्पट झाला की चूक चौपट होते. सांगलीच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या कपाटात घड्याळ सतत ३८ अंशांत राहिलं, तर ते दिवसाला साधारण अर्धा सेकंद, म्हणजे महिन्याला पंधराएक सेकंद मागे पडू शकतं. लग्नापुरतं वापरून जपून ठेवलेलं घड्याळ हातातल्या घड्याळापेक्षा जास्त चुकतं, ते असं.

मशीन बहुतेक सारखंच, म्हणून माझ्या मते पैसे मोजावेत ते मुख्यतः काचेसाठी. साधी मिनरल ग्लास कठीणपणाच्या मोस मापावर साडेपाच-सहाच्या घरात असते. धुळीतले वाळूचे कण म्हणजे क्वार्ट्झच, आणि ते सातवर. आतला क्वार्ट्झ वेळ दाखवतो, बाहेरचा काच ओरबाडतो! एमआयडीसीत कामाला जाणाऱ्याच्या हातावर ही काच वर्षभरात धूसर होते. कृत्रिम नीलमण्याची, म्हणजे सफायरची काच नऊवर असते. ॲल्युमिनियम ऑक्साइडची भुकटी ज्वालेत वितळवून असे मणी घडवण्याची रीत ओग्युस्त वेर्नय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९०२ मध्ये जाहीर केली. सफायर उष्णता झटकन ओढून घेतो, त्यामुळे एसी शोरूममध्ये काच ओठांना लावली तर साध्या काचेपेक्षा गार लागते. विक्रेता जरा विचित्र नजरेने बघेल, बघू दे.

सोनेरी रंगाचं मात्र फार कौतुक नको. तो मुलामा बहुधा एका मायक्रॉनच्या आतबाहेर असतो, कपाळावरच्या केसाच्या जाडीच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढा. बाहीच्या काठाशी घासून तो आधी कडांवरच उडतो. सराफकट्ट्याच्या गावात हे कुणाला समजावून सांगायची गरज नाही. रुपेरी स्टील घ्यावं, मागच्या झाकणावर ३१६ एल ही स्टीलची प्रत लिहिली असली तर उत्तम. ‘वॉटर रेझिस्टंट ३० मीटर’ वाचून नवरदेवाने हळदीनंतरच्या आंघोळीला घड्याळ हातात ठेवू नये; तो आकडा प्रयोगशाळेतल्या स्थिर दाबाचा आहे, व्यवहारात अर्थ फक्त चार शिंतोड्यांपुरता. चामड्याचा पट्टा घामाने कुजतो, तेव्हा पट्टा साध्या मापाचा, गावात बदलून मिळेल असाच पाहावा.

लग्न झाल्यावर घड्याळ कपाटात जाणार असेल, तर बाजूची किल्ली ओढून ठेवावी. काटे थांबतात, सेल सावकाश संपतो. तरी दोन-तीन वर्षांनी घड्याळजीकडे नेऊन सेल बदलावा किंवा काढूनच टाकावा, कारण मेलेला सेल आत फुटला की त्यातला क्षार मशीन खाऊन टाकतो.