वांकड्या लाकडाचें मोल

सरळ लाकडास बाजारांत गिऱ्हाईक मिळतें, वांकडें लाकूड मात्र चुलीचें धन, अशी आपली सामान्य समजूत आहे. वाऱ्यानें पडलेली बाभूळ, बांधावरच्या बोरीचें गांठाळ खोड, पुरांत वाहून आलेलें मूळ, हीं सर्व जळण म्हणून वजनावर विकलीं जातात. या समजुतीचा फेरविचार करावयास लावील अशी एक हकीकत अमेरिकेंतील न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागांत घडली आहे. ती वाचकांस उपयुक्त वाटेल.

त्या भागांत अ‍ॅडिराँडॅक नांवाचा डोंगराळ व अरण्यमय प्रदेश आहे. तेथील हिंवाळा दीर्घ आणि बर्फाचा. १८७७ च्या सुमारास विल्यम वेस्ट ड्युरंट यानें रॅकेट सरोवराच्या कांठीं साल न काढलेल्या ओंडक्यांचीं घरें बांधावयास आरंभ केला, आणि धनिक लोकांत अशा वनगृहांची आवड पसरली. घर तसें, तर आंतील सामानहि तसेंच हवें. मग उन्हाळ्यांत वाटाड्याचें अथवा राखणदाराचें काम करणारे तेथील रहिवासी हिंवाळ्यांत फांद्या, मुळें व साली जमवून खुर्च्या, मेजें आणि पलंग करूं लागले. बुंधा मुळांसकट ठेवून त्यावर मेज बसविणें, हा त्यांच्या कामाचा एक नमुना होय.

या कारागिरांत अर्नेस्ट स्टो याचें नांव विशेष घेतलें जातें. विसाव्या शतकाच्या आरंभीं अप्पर सॅरनॅक सरोवराच्या परिसरांत तो काम करी. आपल्या भूर्जवृक्षाच्याच कुळांतील झाडें तिकडे विपुल आहेत. त्यांपैकीं एकाची पांढरी साल सोलून स्टो ती कपाटांच्या फळ्यांवर बसवी, आणि दुसऱ्या जातीच्या काठ्यांची त्यास चौकट करी. त्याचीं कांहीं कामें ब्लू मौंटन लेक येथें १९५७ सालीं उघडलेल्या संग्रहालयांत जतन केलेलीं आहेत.

या कामाचें मर्म दोन गोष्टींत आहे. पहिली तोडीच्या हंगामाची. हिंवाळ्यांत झाडाची वाढ थांबलेली असते, म्हणून तेव्हां तोडलेल्या काठीची साल घट्ट राहते. वसंतांत तोडल्यास ती सुटून येते. दुसरी सांध्याची. आडव्या काठीचें पुरतें वाळलेलें टोंक किंचित् ओलसर पायाच्या भोंकांत ठोकतात. पाय वाळतांना आकसतो आणि टोंकास आवळून धरतो.

आपल्याकडेहि ही दृष्टि नवी नाहीं. लांकडी नांगराचें खोड सुतार बाभळीच्या स्वाभाविक वांकांतूनच साधीत असे. सरळ लाकडांतून वांक कापल्यास तंतु तुटतात व जोर पडतांच तें मोडतें. झाडानें स्वतः दिलेल्या वांकांत तंतु अखंड राहतात. १९०३ सालीं किर्लोस्करांचा लोखंडी नांगर निघाला, पुढें ट्रॅक्टर आले. नांगराचें काम गेलें, आणि त्याबरोबर वांक पारखणारी ती नजरहि जात चालली आहे. अ‍ॅडिराँडॅकच्या लोकांनीं रिकाम्या हंगामांत जें साधलें, तें आपल्या सुतारांस अशक्य आहे असें नाहीं.

मात्र हवामानाचा भेद ध्यानांत ठेवावा. आपल्या उष्ण प्रदेशांत सालीखालीं किडे आसरा घेतात, आणि बाहेरील पांढऱ्या लाकडास भुंगेरे लवकर लागतात. म्हणून साल काढून, शक्य तों गाभ्याचें लाकूड घेऊन, तें सावलींत व जमिनीपासून उंच सावकाश वाळवावें. उन्हांत घाईनें वाळविल्यास तें तडकतें. सरकारी जंगलांतील पडलेलें लाकूडहि परवानगीवांचून उचलूं नये. स्वतःच्या शेतांतील झाड तोडण्यापूर्वींहि वनखात्याकडे चौकशी करावी. या कामासाठीं उभें झाड पाडण्याचें तर कारणच नाहीं.

यापुढें वादळांत एखादें झाड पडलें, तर तें फोडण्यापूर्वीं गांवच्या सुतारास एकवार दाखवावें. बैठकीचें मेज, ओसरीवरील बाक अथवा मुलांचा पाळणा त्यांत दडलेला असूं शकेल. जळण मागाहूनहि करतां येतें. एकदां तुटलेला वांक मात्र पुन्हा जोडतां येत नाहीं.