पहाटेची घेरी आणि स्वादुपिंडातली गाठ

पहाटे होडी लोटायला गेलेला माणूस घामाघूम होतो, हात थरथरतात, तो असंबद्ध बोलू लागतो. कधी फिटही येते. कोणी साखरेचा चहा पाजला की थोड्या वेळात ठणठणीत. मुरूड-श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर असं घडलं तर कुणी मिरगी म्हणेल, कुणी बाहेरची बाधा. पण संकष्टीच्या उपासाला घेरी हमखास, गोड खाल्लं की लगेच बरं, आणि सारखं खाऊन वजन वाढलेलं, असा मेळ जमला तर एका दुर्मीळ गाठीची शंका घ्यायलाच हवी. तिचं नाव इन्सुलिनोमा.

दहा लाखांत वर्षाला १ ते ४ जणांना ती होते. स्वादुपिंडातल्या, इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींची ही गाठ दहापैकी नऊ वेळा कर्करोगाची नसते. तरी तिला निरुपद्रवी म्हणणं चूक. रक्तातली साखर घसरली तरी ती इन्सुलिन सोडतच राहते आणि मेंदू उपाशी पडतो.

निदानाची पहिली पायरी रक्ताची. रुग्णालयात, डॉक्टरांच्या नजरेखाली ७२ तासांपर्यंत उपाशी ठेवतात. साखर डेसिलिटरमागे ५५ मिलिग्रॅमच्या खाली गेली असतानाही इन्सुलिन आणि शरीरात त्याच्याबरोबरच तयार होणारं सी-पेप्टाइड दबलेलं नसेल, आणि मधुमेहाची गोळी पोटात गेल्याचंही आढळलं नाही, तर दोषी ठरतं ते शरीरातलंच इन्सुलिन.

मग गाठ शोधायची. ती बहुधा २ सेंटिमीटरपेक्षा लहान. स्वादुपिंड जठराच्या मागे दडलेलं, त्यामुळे पोटावरून केलेल्या सोनोग्राफीला आतड्यातला वायू आणि चरबी आड येते. सीटी स्कॅनमध्येही ती कधी कधी निसटते. एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडचं मोल इथे कळतं. दुर्बिणीच्या टोकाला सोनोग्राफीचा छोटा प्रोब असतो. गुंगी देऊन ती तोंडावाटे जठरात नेतात. तिथून स्वादुपिंडाचा मधला भाग आणि शेपूट दिसते, पुढे लहान आतड्याच्या सुरुवातीला गेलं की डोकं. अंतर इतकं कमी की जास्त कंपनसंख्येच्या ध्वनिलहरी वापरता येतात आणि काही मिलिमीटरची गाठही करड्या पडद्यावर काळसर, गोल उमटते. शंका असेल तर त्याच वाटेने बारीक सुई घालून पेशी काढतात. रक्ताचा पुरावा पक्का असेल तर सुईची गरज पडतेच असं नाही. तपासणीसाठी पोट रिकामं लागतं, आणि या रुग्णाला नेमकं तेच धोक्याचं. म्हणून शिरेतून ग्लुकोज चालू ठेवून साखर पुन्हापुन्हा मोजतात. शेपटाच्या टोकाची गाठ मात्र यातही हुकू शकते.

गाठ स्वादुपिंडाच्या नलिकेपासून किती दूर, हे कळल्यावर सर्जन बहुतेकदा तेवढीच सोलून काढतो. टोरांटोत १९२९ साली रॉस्को ग्रॅहम यांनी अशी गाठ काढून रुग्ण बरा केला होता. आज मांडव्याहून रो-रोने भाऊचा धक्का गाठला की परळचं केईएम फार दूर नाही, आणि तिथल्या एंडोक्रिनॉलॉजी विभागाने या आजारावर संशोधनही प्रसिद्ध केलं आहे.

पण तिथवर पोचायला आधी गावात कुणाला तरी शंका यावी लागते. त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. घेरी आली की ग्लुकोमीटर हाताशी असेल तर बोट टोचून आकडा आणि वेळ लिहून ठेवा. नसेल तर शोधण्यात वेळ घालवू नका. माणूस शुद्धीत असेल तर लगेच साखर द्या, बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता १०८ ला फोन करा. आकडा लिहिलेला तो कागद डॉक्टरांकडे जाताना बरोबर न्या.